अमरनाथांची परतपाठवणी

१९३६ च्या जूनमध्यें, कसोटी सामने सुरू होण्यापूर्वींच, लाला अमरनाथांना इंग्लंडहून स्वदेशीं धाडण्यांत आलें. हिंदुस्थानचें पहिलें कसोटी शतक १९३३ सालीं मुंबईस काढणारे तेच. त्या दौऱ्यांतहि त्यांच्या ६१३ धावा व ३२ बळी झालेले. लॉर्ड्सवर ते पॅड बांधून बसले, आणि कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार इतरांनाच पुढें पाठवीत राहिले. खेळून परतल्यावर अमरनाथांनीं पॅड भिरकावले व पंजाबींत चार शब्द सुनावले. अपराध म्हणावा तर एवढाच!

पण शिस्तीची भाषा बोलणारा कर्णधार कसा होता? नागपुरांत जन्मलेले, १९३२ च्या पहिल्या कसोटीचे नायक सी. के. नायडू संघांत असतां नेतृत्व महाराजकुमारांकडे गेलें. तीन कसोट्यांत त्यांच्या धावा अवघ्या ३३.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्यूमाँट यांच्या समितीनें १९३७ च्या जानेवारींत अमरनाथांना निर्दोष ठरविलें. गोलंदाजी केव्हां बदलावी, क्षेत्ररक्षक कोठें उभे करावे, हें कर्णधारास उमगत नसे, असेंहि नमूद केलें. मालिका मात्र ०-२ अशी केव्हांच गेली होती. मध्यें महायुद्ध आलें. अमरनाथांना पुढली कसोटी मिळाली ती १९४६ सालीं, त्याच लॉर्ड्सवर.