लहरी सर्वांच्या, माईक कुणाचा?

'मीडिया आपला नाही' हे वाक्य आपल्या प्रत्येक शिबिरात, प्रत्येक प्रबोधन सभेत ऐकू येते. ते खोटे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे आपल्याला पाठ आहे. पण वर्तमानपत्रांचा इतिहास जितका पाठ आहे, तितका रेडिओ आणि टीव्हीचा नाही. वर्तमानपत्राला कागद, छापखाना आणि पैसा लागतो. रेडिओला त्यावर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सरकारने दिलेली लहर. हवेतल्या लहरी मोजक्याच असतात आणि त्या कुणाला द्यायच्या हे सत्ता ठरवते. म्हणून प्रसारणाचा इतिहास वाचताना यंत्र कुणी शोधले यापेक्षा परवाना कुणाला मिळाला, हे आधी विचारले पाहिजे.

विद्यापीठांनी चालवलेल्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांच्या इतिहासाला आम्ही इथे हाच प्रश्न विचारणार आहोत. या इतिहासाचा मोठा भाग अमेरिकेत घडला. ज्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आपल्या दलित पँथरने १९७२ साली नाव घेतले, ते लोकही या इतिहासात आहेत. म्हणून तो आपल्याला परका नाही.

प्रयोगशाळेतून शेतकऱ्याच्या घरात

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी एडविन आर्मस्ट्राँग नावाचा तरुण तिथूनच विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला आणि तिथल्याच प्रयोगशाळेत रेडिओवर काम करत राहिला. पुढे त्याने एफएम तंत्र उभे केले. आज आपण ज्याला 'एफएम' म्हणतो, त्याचे मूळ बाबासाहेबांच्या विद्यापीठाशी असे जोडलेले आहे.

पण लोकांसाठी रेडिओ चालवण्याचे काम विस्कॉन्सिनसारख्या सरकारी विद्यापीठांनी केले. तिथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी रेडिओच्या निर्वात नळ्या हाताने बनवत होते. १९१७ च्या सुमारास त्यांच्या '९ एक्सएम' केंद्रातून आवाज आणि संगीत बाहेर पडू लागले. १९२२ साली याच केंद्राला 'डब्ल्यूएचए' हे नाव मिळाले. ते सांगत काय होते? हवामान आणि बाजारभाव. शेतमालाचा भाव व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकणे आणि विद्यापीठाच्या रेडिओवरून घरबसल्या ऐकणे यात किती फरक आहे, हे शेतकऱ्याच्या पोरांना समजावून सांगायची गरज नाही. १९३१ पासून याच केंद्राने खेड्यातल्या लहान शाळांसाठी रेडिओवरून पाठ सुरू केले. जिथे संगीत किंवा विज्ञान शिकवायला शिक्षक नव्हता, तिथे विद्यापीठाचा आवाज पोहोचला.

'प्रचार' कुणाचा आणि 'लोकसेवा' कुणाची?

१९२१ नंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिकेतल्या शिक्षणसंस्थांना रेडिओचे सुमारे दोनशे परवाने मिळाले. १९३७ उजाडेपर्यंत त्यातले चाळीससुद्धा उरले नव्हते. मग बाकीची केंद्रे गेली कुठे?

काही पैशाअभावी बंद पडली, हे खरे. पण मोठा घाव कायद्याने घातला. १९२७ च्या कायद्याने रेडिओ आयोग नेमला आणि १९२८ साली या आयोगाने लहरींची नव्याने वाटणी केली. शक्तिशाली आणि स्वच्छ लहरी मोठ्या व्यापारी केंद्रांकडे गेल्या. महाविद्यालयांच्या वाट्याला कमी शक्ती, दुसऱ्या केंद्राबरोबर वाटून घेतलेले तास आणि अनेकदा फक्त दिवसाची वेळ आली. मजूर कामावर आणि शेतकरी शेतात असताना बोला, लोक घरी आले की गप्प बसा! त्यावर एखादी कंपनी त्याच लहरीवर दावा सांगायची. मग वकील लावा, वॉशिंग्टनला सुनावणीला जा, नवी यंत्रे घ्या. लहान महाविद्यालये यातच थकून गेली.

या वाटणीमागचा युक्तिवाद नीट समजून घेतला पाहिजे. जाहिरातींवर चालणारे केंद्र सगळ्यांसाठी थोडे थोडे देते, म्हणून ती 'सर्वसाधारण लोकसेवा'. कामगार संघटना, चर्च किंवा महाविद्यालय विशिष्ट विचार मांडते, म्हणून तो 'प्रचार'. साबण विकणारा तटस्थ आणि शिकवणारा पक्षपाती! ही भाषा आपल्याला ओळखीची वाटत नाही का? प्रस्थापितांची संमेलने 'अखिल' असतात आणि आपली 'एका समाजाची', असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत.

१९३४ साली नवा कायदा होत असताना दोन सिनेटरांनी सुधारणा मांडली, की रेडिओच्या लहरींपैकी चौथा हिस्सा शिक्षणसंस्था, धार्मिक संस्था, कामगार आणि सहकारी संस्था यांच्यासाठी राखून ठेवावा. मोठ्या रेडिओ कंपन्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे होते, की शिक्षणाला हवा तेवढा वेळ आम्ही आमच्या केंद्रांवरून देतो, वेगळ्या वाट्याची गरज काय? सिनेटमध्ये ही सुधारणा ४२ विरुद्ध २३ मतांनी पडली. 'आम्ही संधी देतो, तुम्ही हक्क मागू नका' हा आरक्षणाच्या विरोधातला सर्वात जुना युक्तिवाद आहे. दुसऱ्याच्या मेहरबानीवर मिळालेला वेळ तो मालक कधीही काढून घेऊ शकतो, आणि तिथे तसेच झाले.

हे चित्र बदलले ते राखीव जागेमुळेच. १९४५ साली एफएमचे २० चॅनेल शिक्षणासाठी बाजूला काढण्यात आले. आयोगातल्या पहिल्या महिला सदस्य फ्रीडा हेनॉक टीव्हीसाठी याच मागणीवर ठाम राहिल्या, आणि १९५२ साली २४२ टीव्ही चॅनेल शिक्षणासाठी राखीव झाले. खुल्या स्पर्धेत जी केंद्रे तगली नाहीत, ती आरक्षणाच्या आधाराने उभी राहिली.

जागा राखीव झाली, पण दार कुणासाठी उघडले?

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. २५ मे १९५३ रोजी ह्यूस्टन विद्यापीठाचे 'केयूएचटी' केंद्र सुरू झाले. अमेरिकेतले हे पहिले बिगरव्यापारी शैक्षणिक टीव्ही केंद्र. प्राध्यापकांची व्याख्याने थेट घराघरात जाऊ लागली. पण त्या दिवशी ह्यूस्टन विद्यापीठ फक्त गोऱ्यांसाठी होते. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या विद्यापीठांपासून दूर ठेवण्यासाठी टेक्सास राज्याने १९४७ साली त्याच परिसरात त्यांचे वेगळे विद्यापीठ काढले होते. म्हणजे प्राध्यापकाचे व्याख्यान कृष्णवर्णीयाच्या घरात पोहोचू शकत होते, पण तो कृष्णवर्णीय त्या वर्गात बसू शकत नव्हता. लहरीला विटाळ नव्हता, माणसाला होता.

अलाबामात तर पडद्यावरही विटाळ होता. तिथे १९५५ पासून राज्याचे शैक्षणिक टीव्ही जाळे होते आणि राज्यातली विद्यापीठे त्यासाठी कार्यक्रम बनवत. राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. तरी त्यांच्याविषयीचे राष्ट्रीय कार्यक्रम हे जाळे दाखवत नव्हते आणि नोकऱ्यांतही त्यांना जवळपास जागा नव्हती. नागरिकांनी तक्रार केली, ती वर्षानुवर्षे लावून धरली. अखेर १९७५ साली केंद्रीय आयोगाने या जाळ्याच्या परवान्यांचे नूतनीकरण नाकारले. जाळ्याला पुन्हा अर्ज करण्याची मुभा मिळाली, पण परवाना ही मालकी नसून लोकांनी सोपवलेली जबाबदारी आहे, हे त्यातून ठरले.

दुसरा मार्ग होता स्वतःचे केंद्र उभे करण्याचा. १९६८ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शॉ या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाने एफएम केंद्र सुरू केले. १९७१ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचे 'डब्ल्यूएचयूआर' सुरू झाले. शहराच्या बातम्या तिथून कृष्णवर्णीयांच्या नजरेतून सांगितल्या जाऊ लागल्या. याच केंद्रात काम केलेल्या कॅथी ह्यूज यांनी पुढे स्वतःची रेडिओ कंपनी उभारली. १९८० साली हॉवर्डचे टीव्ही केंद्रही सुरू झाले. कृष्णवर्णीयांच्या मालकीचे ते अमेरिकेतले पहिले सार्वजनिक टीव्ही केंद्र होते. आवाजाबरोबर तंत्रज्ञ, निर्माते आणि व्यवस्थापक घडले, ही त्या केंद्रांची खरी कमाई.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे रेडिओ दीर्घकाळ फक्त सरकारचा होता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपले जीवनतत्त्वज्ञान मांडले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे त्यांनी देशाला सांगितले. माध्यमाची ताकद त्यांना माहीत होती. पण त्या माध्यमाचा ताबा आपल्या समाजाकडे कधीच नव्हता.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर येऊ लागले. त्यासाठी विद्यापीठांत निर्मिती केंद्रे उघडली, त्यातले एक पुण्यात होते. पण बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत होते. तालुक्याच्या महाविद्यालयात मराठीतून शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला त्यातून किती मिळाले असेल?

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालानंतर खासगी एफएमला वाट झाली, ती लिलावाने, पैसेवाल्यांसाठी. छोट्या बिगरव्यापारी रेडिओचे धोरण यायला २००२ चा डिसेंबर उजाडला, आणि तेही फक्त शिक्षणसंस्थांसाठी. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले, पुढे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आली.

त्याच काळात तेलंगणातल्या झहिराबादजवळच्या माचनूर गावात काही दलित बाया वाट पाहत होत्या. युनेस्कोच्या मदतीने त्यांच्याकडे १९९० च्या दशकातच स्टुडिओ उभा होता. त्या बियाण्यांवर, पिकांवर, औषधी वनस्पतींवर कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत आणि परवाना नसल्याने कॅसेट गावोगावच्या महिला संघांमध्ये वाजवत. ज्ञान होते, यंत्र होते, ऐकणारे होते. नव्हती ती फक्त 'शिक्षणसंस्था' ही पाटी. २००६ च्या नोव्हेंबरात धोरण बदलले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा 'संघम रेडिओ' सुरू झाला. या देशात ज्ञानावरचा शिक्का आधी कुणाला मिळतो आणि कुणाला रांगेत उभे केले जाते, हे याहून स्पष्ट काय दाखवणार?

यावर 'आता यूट्यूब आहे, रेडिओ कशाला?' असे विचारले जाईल. यूट्यूबवर जरूर बोला. पण तिथे घर दुसऱ्याचे आहे. कोणता व्हिडिओ वर येईल आणि कोणते चॅनेल बंद होईल, हे कंपनी ठरवते. लहर मात्र सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यातला वाटा आपण हक्काने मागू शकतो.

म्हणून आम्हाला तीन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, तुमच्या विद्यापीठात रेडिओ केंद्र असेल तर त्याच्या समितीवर कोण आहे, माईकसमोर कोण बसते, ते विचारा. वर्षातून फक्त १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला मिळणारा तास म्हणजे प्रतिनिधित्व नव्हे. दुसरी, २००६ च्या धोरणानुसार किमान तीन वर्षे नोंदणीकृत असलेल्या बिगरव्यापारी संस्थांना आणि शिक्षणसंस्थांना अर्ज करता येतो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी उभी केली. आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि सामाजिक संस्थांनी या परवान्यांचा विचार करायला हवा. तिसरी, या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. शिष्यवृत्तीची तारीख सांगता येते, पण गावात झालेल्या अत्याचाराची बातमी देता येत नाही. या बंदीविरुद्ध आवाज उठवणे हे आपलेच काम आहे, कारण दडपल्या जाणाऱ्या बातम्या बहुतेक वेळा आपल्याच असतात.

'मूकनायक'ला शंभर वर्षे उलटून गेली. मुक्यांना बोलते करण्यासाठी बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या छापखान्याच्या मेहरबानीची वाट पाहिली नाही. आपण दुसऱ्याच्या माईकची वाट किती दिवस पाहणार?

जय भीम!