अश्वक्रीडांचे दूरचित्रवाणी-प्रक्षेपण, ब्रिटनमधील

ब्रिटनमध्ये १९३१ साली जॉन लोगी बेअर्ड याच्या यंत्रणेद्वारे डर्बी शर्यतीचे दूरचित्रण झाले. तथापि दूरचित्रवाणीला विशेष मानवली ती अडथळ्यांवरून घोडा उडविण्याची स्पर्धा. आटोपशीर रिंगण, एका वेळी एकच स्वार आणि अडथळा पाडल्यास चार दंडगुण हा कोणासही उमगणारा नियम यांमुळे ती मोजक्या कॅमेऱ्यांत मावते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला मिळालेले एकमेव सुवर्णपदक याच क्रीडेतील होते. हॅरी लेवेलिन व त्याचा फॉक्सहंटर हा घोडा त्यामुळे लोकप्रिय झाले. परवाना-शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीने हा प्रेक्षकवर्ग दीर्घकाळ जोपासला. तिचा वार्षिक क्रीडापटू-पुरस्कार १९६० मध्ये डेव्हिड ब्रूम यास, तर १९७१ मध्ये राजकन्या ॲन हिला लाभला.

वर्गणीच्या वाहिन्यांचा प्रसार झाल्यावर १९९६ च्या प्रसारण अधिनियमान्वये ग्रँड नॅशनल, डर्बी व ऑलिंपिक यांना संरक्षण मिळाले. अश्वारोहणाच्या वार्षिक स्पर्धा मात्र सूचीबाहेर राहिल्या. पैज लावणाऱ्यांचे पाठबळ असलेली घोडदौड त्यामुळे सर्वांना खुली राहिली : ग्रँड नॅशनलचे प्रक्षेपण २०१३ पासून चॅनल ४ वर व २०१७ पासून आयटीव्हीवर झाले, तेही विनामूल्य. याउलट बॅडमिंटन येथील त्रिविध अश्वस्पर्धा (त्या खेळाचे नावही याच स्थळावरून पडले) २०२२ पासून आयोजकांच्या सशुल्क आंतरजाल-वाहिनीवर दाखविली जाऊ लागली. जाणकारास तीत अधिक स्वार पाहावयास मिळतात, हे खरे; परंतु शनिवारी दुपारी सहज संच लावून या क्रीडेच्या नादी लागणारा प्रेक्षक तिला दुरावला.