राखाडी बाळं

क्लोरोमायसेटिन हे नाव आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगलंच ठाऊक असतं. घरात कुणाला टायफॉईड झाला की डॉक्टर हेच लिहून द्यायचे. पण या औषधाच्या इतिहासात एक काळं पान आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. या वीकेंडला त्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. व्हेनेझुएलात काराकासजवळच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९४७ मध्ये हे प्रतिजैविक वेगळं काढलं गेलं. त्याचं शास्त्रीय नाव क्लोरॅम्फेनिकॉल. १९४८ मध्ये ते टायफॉईडवर चालतं हे दिसलं आणि १९४९ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. तोंडावाटे देता येतं, कितीतरी जंतूंवर चालतं. अजून काय पाहिजे?

आता या बाजूला अपुऱ्या दिवसांची बाळं. बाळंतपणाआधी पाण्याची पिशवी फुटून २४ तासांहून जास्त वेळ गेला, तर बाळाला जंतुसंसर्ग होण्याची भीती असते. म्हणून १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इस्पितळांत अशा बाळांना आधीच प्रतिजैविकं दिली जात. हेतू अगदी चांगला होता. पण लॉस एंजेलिस काउंटी इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला: याचा खरंच उपयोग होतो का?

बर्न्स, हॉजमन आणि कास या तिघांनी अशा बाळांचे चार गट केले. निकाल डिसेंबर १९५९ मध्ये छापून आला. काहीच औषध न दिलेल्या ३२ बाळांपैकी ६ गेली. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ३३ पैकी ६. नुसतं क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्या ३० पैकी १८. आणि तिन्ही औषधं दिलेल्या ३१ पैकी २१.

हे आकडे परत एकदा वाचा. ज्यांना काहीच दिलं नाही ती बाळं जास्त जगली!

जी गेली त्यांची लक्षणं सारखीच होती. तीन-चार दिवस औषध घेतल्यावर बाळ दूध ओढेनासं होई, पोट फुगे, श्वास बिघडे, अंग गार आणि ढिलं पडे, आणि कातडीला राखेसारखा रंग येई. त्यावरूनच 'ग्रे बेबी सिंड्रोम' हे नाव पडलं.

कारण १९६० मध्ये स्पष्ट झालं. क्लोरॅम्फेनिकॉल शरीराबाहेर टाकण्याआधी यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं. नवजात बाळाच्या यकृतात हे काम करणारं एन्झाइम पुरेसं तयारच झालेलं नसतं आणि मूत्रपिंडंही अजून कच्ची असतात. मोठ्या माणसाच्या रक्तातलं हे औषध साधारण ४ तासांत निम्मं होतं. पहिल्या एक-दोन दिवसांच्या बाळात त्याला २६ तासांच्या आसपास लागतात.

आता हिशोब करा. त्या बाळांना दिवसाला किलोमागे १०० ते १६५ मिलिग्रॅम दिलं जात होतं. सोयीसाठी १०० धरू, दिवसातून एकदाच दिलं असं मानू आणि २४ तासांत निम्मं उरतं असं समजू. दुसऱ्या दिवशी डोस दिल्यावर अंगात १५०, तिसऱ्या दिवशी १७५, चौथ्या दिवशी १८७. मोठ्या माणसात दुसऱ्या डोसच्या वेळी पहिल्यातले दोनसुद्धा उरत नाहीत. म्हणजे 'वजनाच्या प्रमाणात डोस' हे गणित वरवर बरोबर दिसत होतं, पण औषध बाहेर पडायचा वेग त्यात धरलाच नव्हता. यानंतर अशा बाळांसाठी मर्यादा दिवसाला किलोमागे २५ मिलिग्रॅमवर आणली गेली, आणि औषध द्यायचंच झालं तर रक्तातली पातळी मोजण्यावर भर आला.

हाच धडा आज जेंटामायसिनसारख्या औषधाला लागू होतो. हे औषध साठलं तर मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करतं. गंमत म्हणजे इथे उपाय नुसता डोस कमी करणं हा नाही. बाळाच्या अंगात पाण्याचं प्रमाण जास्त, म्हणून औषध जास्त पसरतं आणि एका वेळचा डोस किलोमागे बऱ्यापैकी मोठाच लागतो. पण ते बाहेर हळू पडतं, म्हणून दोन डोसांमधलं अंतर वाढवायचं. ब्रिटनमध्ये सुरुवातीला किलोमागे ५ मिलिग्रॅम दर ३६ तासांनी देतात आणि पुढच्या डोसआधी पातळी लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली आली आहे का ते तपासतात. त्यासाठी बाळाच्या अंगातून थोडंसं रक्त काढावं लागतं. आई-बापाला ते बघवत नाही, पण ते का काढतात हे आता लक्षात येईल.

मला मात्र त्या पहिल्या गटाचं जास्त वाटतं. धोक्यातल्या बाळांना औषध न देणं तेव्हा किती जणांना निर्दयपणाचं वाटलं असेल! पण तो गट नसता तर तिसऱ्या आणि चौथ्या गटातले मृत्यू 'अपुऱ्या दिवसांची होती, जायचीच' म्हणून खपून गेले असते. बाकीच्या इस्पितळांत किती बाळं तशी खपून गेली असतील, कोण जाणे.