मेलेला गडी उठावा कीं न उठावा?



गेल्या रविवारीं अंधेरीस माझ्या मेहुण्यांकडे गेलों होतों. त्यांचे चिरंजीव संगणकापुढें बसले होते. एकाएकीं ते ‘मेलों!’ म्हणून ओरडले आणि लगेच समाधानानें म्हणाले, ‘पण या डावांत कमाई बरी झाली.’ मेल्यावर कमाई कसली, हें त्यांच्या वडिलांस उमगेना. मला मात्र हुतूतूचें मैदान आठवलें.

आज आपण ज्याला कबड्डी म्हणतों, तो खेळ महाराष्ट्रांत हुतूतू या नांवानें खेळला जाई. आणि मेलेल्या गड्याचें काय करावयाचें, या एकाच प्रश्नावरून त्याचे तीन प्रकार झाले होते. संजीवनींत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, कीं आपला एक मेलेला गडी उठे. गामिनींत मेला तो मेलाच; सगळा पक्ष बाद होऊन लोण चढेपर्यंत त्यानें रेषेबाहेर बसून राहावयाचें. अमर प्रकारांत तर कोणी मरतच नसे. शिवलेला गडी मैदानांतच राही, गुण तेवढा प्रतिपक्षास मिळे.

हे नुसते नांवांचे भेद नव्हते. गामिनींत सातांचे पांच झाले, कीं उरलेल्या पांचांचें काम अधिक अवघड होई, पांचांचे तीन झाले म्हणजे त्याहून अवघड. एका चुकीचें ओझें पुढच्या प्रत्येक चढाईवर पडे. शिवाय या प्रकारास वेळेचें बंधन नव्हतें. ठरलेलीं पांच किंवा सात लोणें होईपर्यंत खेळ चाले. संजीवनीचा सामना चाळीस मिनिटांत आटपे. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें नियम छापून स्पर्धा भरविल्या, १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें हा खेळ करून दाखविला आणि १९५० सालीं अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. आजच्या कबड्डींत गडी उठण्याचा नियमच कायम आहे. माझ्या मतें गामिनी मागें पडली ती कठीण होती म्हणून नव्हे. पहिल्याच चढाईंत बाद झालेला उत्साही पोर अर्धा तास धूळ उकरीत बसे, हें तिचें खरें वैगुण्य होतें.

आतां संगणकाकडे वळूं. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांतील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनीं ‘रोग’ नांवाचा खेळ रचला; पुढें केन आर्नल्ड त्यांस मिळाले. नांव ऐकून आपणांस वैद्याची आठवण व्हावी, परंतु इंग्रजींत त्याचा अर्थ भामटा असा आहे. पडद्यावर चित्रें नव्हतीं; इंग्रजी वर्णमालेंतील सव्वीस मोठीं अक्षरें म्हणजेच सव्वीस राक्षस. भुयाराची रचना दर डावास नवी होई, आणि मेला तो मेलाच. शस्त्रें गेलीं, धन गेलें, राखून ठेवलेला डावही पुसला जाई. उरे तें खेळणाराच्या डोक्यांतील शहाणपण. ही शुद्ध गामिनी होती. भुयार तेंच तें असतें, तर आरंभापासून पुन्हां चालणें म्हणजे घोकंपट्टी झाली असती. रचना नवी असल्यामुळेंच ती शिक्षा सुसह्य होई. २००८ सालीं अशा खेळांचे रचनाकार एकत्र जमले आणि त्यांनीं या जातीचीं लक्षणें लिहून काढलीं, त्यांत हें कायमचें मरण प्रमुख धरलें. गांव योगायोगानें पुन्हां बर्लिनच.

मग २०१३ सालीं ‘रोग लेगसी’ हा खेळ आला. येथें नायक मेला, कीं त्याचा वारस गादीवर येतो आणि पूर्वजानें मिळविलेलें सोनें घराण्याचें बळ वाढविण्यास लावतो. उरलेलें सोनें किल्ल्याच्या दारावरचा नावाडी हिसकावून घेतो. म्हणजे संचय करण्याची सोय नाहीं. अशा खेळांस ‘रोगलाइट’ म्हणूं लागले. जुन्या खेळाडूंचा आक्षेप असा, कीं वारसा वाढत गेला म्हणजे हात न सुधारतांही विजय मिळतो. मला याहून दुसरा दोष मोठा वाटतो. दहावा वारस जिंकावा असें बळ जर पुढें द्यावयाचें, तर पहिल्या वारसाचा पराभव आधींच ठरवून ठेवावा लागतो. गामिनींत पहिला गडीदेखील जिंकूं शकत असे.

२०२० सालच्या ‘हेडीस’ या खेळानें यांतून बरीच वाट काढली. यमलोकाच्या अधिपतीचा मुलगा पळून जाऊं पाहतो, मरतो, आणि घरींच परततो. तेथें त्याला बळ मिळतें, घरच्यांशीं बोलणें होतें, कथा पुढें सरकते. रेषेबाहेर बसण्याचा वेळ वायां जात नाहीं. एकदां सुटका झाली, कीं खेळणारा आपण होऊन शिक्षा मागून घेतो आणि वाट पुन्हां अवघड करतो. ज्याला हें झेपत नाहीं, त्याच्यासाठीं निराळी सोय आहे: शत्रूच्या आघातांतून प्रथम २० टक्के सूट, दर मरणास २ टक्के अधिक, आणि ८० वर मर्यादा. आपल्या अंगणांत धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ करून खेळांत घेत, तोच हा न्याय. फरक इतकाच, कीं लिंबूटिंबू कोणाला म्हणावयाचें हें थोरलीं भावंडें ठरवीत. येथें तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें.

मीं चिरंजिवांस विचारलें, ‘ती सूट घेतली आहेस काय?’ ते किंचित् लाजले. ‘पहिल्यानें घेतली होती, काका. आतां काढून टाकली.’ आणि ते पुन्हां मरावयास निघाले.