प्राथमिक आरोग्यसेवेतील रुग्णसुरक्षा-संस्कृती : मोजमापाचा इतिहास आणि अहमदनगर जिल्ह्याचा अनुभव

प्रस्तावना :

सावेडी हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहराचे उत्तरेकडील उपनगर. रात्री दवाखाने बंद झाल्यावर रुग्णाला कोठे न्यावे, हा प्रश्न अशा उपनगरातील कुटुंबाला पडतो, तसाच जिल्ह्याच्या टोकाच्या खेड्यातील कुटुंबालाही पडतो. अवेळी भेटणारा आरोग्यसेवक पुष्कळदा एकटा आणि थकलेला असतो. रुग्णाचा पूर्वेतिहास त्याला ठाऊक असतोच असे नाही. अशा वेळी चूक घडण्याचा धोका वाढतो आणि ती पाहणारा दुसरा सहकारी जवळ नसतो. घडलेली चूक निर्भयपणे सांगता येणे व तीतून सर्वांनी शिकणे, हा रुग्णसुरक्षा-संस्कृतीचा गाभा होय. तिच्या मोजमापाचा इतिहास आणि त्या संदर्भात जिल्ह्याचा अनुभव यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा उगम :

‘सुरक्षा-संस्कृती’ ही संज्ञा रुग्णालयात जन्मलेली नाही. १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने ती रूढ केली. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या १९९९ च्या अहवालाने वैद्यकीय चुकांमुळे त्या देशातील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला, आणि वैद्यकशास्त्राचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. २००४ मध्ये रुग्णालयांसाठीची सर्वेक्षण-प्रश्नावली अमेरिकेत उपलब्ध झाली. विमानचालकांच्या वृत्ती तपासणाऱ्या प्रश्नावलीवरून ‘सुरक्षाविषयक अभिवृत्ती प्रश्नावली’ तयार झाली. सांघिक वातावरण, सुरक्षेचे वातावरण, कामातील समाधान, व्यवस्थापनाविषयीचे मत, कामाची परिस्थिती आणि ताणाची जाणीव हे तिचे सहा घटक होत. पुढे तिचे बाह्यरुग्ण सेवेसाठीचे रूप नॉर्वेतील अवेळी चालणाऱ्या प्राथमिक सेवाकेंद्रांतही वापरले गेले.

जामखेडचा अनुभव :

या प्रश्नावल्या निर्माण होण्यापूर्वी तीन दशके, याच जिल्ह्यातील अवर्षणप्रवण जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी गावांत परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न झाला. परंतु परक्या गावी एकटीने राहणे त्यांना कठीण गेले. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. यांतील अनेक स्त्रिया निरक्षर व दलित समाजातील होत्या. गावातच राहत असल्यामुळे रात्रीच्या बाळंतपणाला त्या धावून जाऊ शकत.

या ग्रामीण आरोग्यसेविका ठराविक काळाने जामखेडला एकत्र येत, गावातील अनुभव मांडत आणि एकमेकींकडून शिकत. जन्म-मृत्यूची नोंद हा त्यांच्या कामाचा भाग होता. प्रकल्पक्षेत्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दरहजारी १७६ होते; १९७६ पर्यंत ते ५२ वर आले. या घटीचे श्रेय केवळ सुरक्षित सेवेला देता येणार नाही. पोषण, पाणी व लसीकरण यांचाही तीत वाटा होता. तथापि गावातील मृत्यू दडवून न ठेवता त्याविषयी एकत्र बोलण्याची सवय तेथे रुजली, हे महत्त्वाचे होय. १९७८ च्या आल्मा-आता परिषदेपूर्वीच, १९७५ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात या प्रकल्पाची दखल घेतली गेली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार लाभला.

दोषारोप की शिक्षण? :

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशु कक्षाला आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी, दिवसा, अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील आगीत ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यानंतर वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांच्यावर निलंबनाची आणि अटकेची कारवाई झाली. उत्तरदायित्व निश्चित होणे आवश्यकच आहे. परंतु कारवाई कक्षातील कर्मचाऱ्यांपाशीच थांबली, तर वीजयंत्रणा, अग्निसुरक्षा व मनुष्यबळ यांविषयीची धोक्याची सूचना पुढच्या वेळी द्यायला कोण धजेल? प्रश्नावलीतील ‘सुरक्षेचे वातावरण’ हा घटक नेमकी हीच भीती मोजतो.

समारोप :

परदेशी प्रश्नावलीचा मराठी अनुवाद करून हे मोजमाप पूर्ण होणार नाही. तीत संघ, व्यवस्थापन व पगारी कर्मचारी गृहीत धरलेले असतात. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशा स्वयंसेविका मानधनावर काम करते. रात्री गरोदर स्त्रीला रुग्णालयात नेताना तीच अनेकदा सोबत असते, पण ‘कर्मचारी’ या व्याख्येत ती बसत नाही. २०१४ पासून राज्यात सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेवरील माणसेही दवाखान्याच्या भिंतीबाहेरच काम करतात. ज्यांच्या हाती रात्रीचा रुग्ण प्रथम येतो, त्यांनाच सर्वेक्षणातून वगळले, तर हाती आलेला गुणांक दिवसापुरताच खरा ठरेल. जामखेडने या संस्कृतीला नाव दिले नव्हते आणि तिची गुणपत्रिकाही काढली नव्हती. परंतु सर्वांत खालच्या पायरीवरील सेविकेचे म्हणणे प्रथम ऐकावे, हा धडा मात्र दिला. सावेडीतील असो वा खेड्यातील असो, रात्रीच्या सेवेचे मोजमाप याच पायरीपासून सुरू व्हावयास हवे.