बुजवलेल्या कमानी: वॉरम पर्सीचं चर्च

मध्ययुगीन इंग्लंड म्हटलं की आपल्याला मोठमोठी कॅथीड्रल आठवतात. आज आपण एका लहानशा गावच्या चर्चकडे वळूया. यॉर्कशायरमधल्या वोल्ड्स टेकड्यांत वॉरम पर्सी नावाचं गाव होतं. 'होतं' म्हणतो, कारण आज तिथं गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे तेवढे उरले आहेत. आणि सेंट मार्टिनचं चर्च, तेही बिनछपराचं.

या चर्चच्या बाहेरच्या भिंतीत कमानी दिसतात, पण दगडांनी बुजवलेल्या. बाहेरच्या भिंतीला कमानी कशाला हव्यात? तर एकेकाळी या भिंती आतल्या होत्या. 12व्या शतकाच्या अखेरीपासून गाव वाढत गेलं, चर्चमध्ये जागा पुरेना. मग मूळ भिंत फोडून कमानी काढल्या आणि दोन्ही अंगांना पडवीसारखी लांबट दालनं जोडली. पुढे माणसं घटली, तेव्हा ही दालनं पाडली आणि कमानी चिणून टाकल्या. म्हणजे बघा, ही भिंत म्हणजे गावची खानेसुमारीच आहे!

आता प्रश्न असा, की गाव उठलं कशानं? आपण चटकन म्हणतो, प्लेगनं. 1349मध्ये प्लेग इथंही आला, माणसं मेली. पण गाव त्यातून सावरलं. शेती पुढे दीडशे वर्षं चालू होती. मात्र देशभर मजूर कमी झाले होते, मजुरी वाढली होती आणि लोकरीला चांगला भाव होता. नांगरटीला अनेक हात लागतात, मेंढ्यांच्या कळपाला एखाददुसरा मेंढपाळ पुरतो. जमीनदारानं हिशेब केला. 1500च्या सुमारास उरलेली चार कुटुंबं हलवली गेली आणि शेतांचं कुरण झालं. रोगानं गाव खंगलं असेल, पण उठवलं ते माणसांनीच.

गाव गेलं तरी चर्च मात्र चालू राहिलं. कारण पॅरिश, म्हणजे चर्चची हद्द, एका गावापुरती नव्हती. थिक्सेंडेलची मंडळी टेकड्या ओलांडून इथंच येत. 1870मध्ये त्यांचं स्वतःचं चर्च झालं, आणि इथली वर्दळ आटली. शेवटची प्रार्थना 1949मध्ये झाली; 1959मध्ये मनोऱ्याचा काही भाग कोसळला.

1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं मॉरिस बेरेसफोर्ड, जॉन हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं उत्खनन केलं. दगडी चर्चच्या खाली आधीच्या लाकडी चर्चच्या खुणा मिळाल्या, आणि आसपास जवळपास 700 माणसांचे सांगाडे. गावाचा इतिहास हा असा दगडांत आणि हाडांत जपलेला होता.

तेव्हा इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या चर्चला गेलात, तर आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा. बुजवलेली कमान दिसली, तर विचारा: हिच्या पलीकडे कोण उभं राहत होतं, आणि ती माणसं गेली कुठं?