२८ रुग्ण, ८ प्रतिसाद: एका उपचाराचा छोटा इतिहास

पल्मनरी हायपरटेन्शन, म्हणजे फुफ्फुसाच्या धमन्यांमधला वाढलेला दाब, म्हटलं की रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं आठवतात. पण रुग्णाला मुळात ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मा असेल, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटली असेल, तर तिलाच दाबून बघायचं का? या प्रश्नाचा इतिहास संशोधनाची तयारी करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना उपयोगी पडेल.

२००६ साली सांशे, ह्युम्बेर आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी 'चेस्ट' या नियतकालिकात २८ रुग्णांचा अनुभव मांडला. दर महिन्याला शिरेतून सायक्लोफॉस्फामाइड, बहुतेकांना सोबत स्टेरॉइड. रक्तवाहिन्या रुंदावणारी आधुनिक औषधं न जोडता, वर्षभरानंतरही धाप कमी आणि कॅथेटरने मोजलेले आकडे सुधारलेले असतील, तरच प्रतिसाद धरला. असे ८ जण निघाले. सगळे ल्युपस किंवा मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीजचे. स्क्लेरोडर्माचा एकही नाही.

आता जरा थांबा आणि विचारा, तुलनेचा गट कुठाय? नव्हताच. २००८ मध्ये फ्रान्समधूनच दुसरा पेपर आला. त्यात फक्त प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मिळालेल्या १६ पैकी ८ जण सुधारले, पण ते सुरुवातीपासूनच कमी आजारी होते. मग श्रेय औषधाचं की सौम्य आजाराचं? हा आजार आपोआप क्वचितच बरा होतो, त्यामुळे निरीक्षण फेकून देता येत नाही. पण पुरावा म्हणून ते अपुरंच आहे.

स्क्लेरोडर्मासाठी मात्र रीतसर चाचणी झाली. अमेरिकेतल्या ५७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून रिटक्सिमॅब किंवा प्लासिबो दिलं. २०२१ मध्ये निकाल छापून आला: २४ आठवड्यांनी सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात औषधाच्या बाजूने थोडा फरक दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही.

'देऊन तर बघू' असं म्हणणं इथे स्वस्त नाही. ल्युपस बहुतेक करून तरुण स्त्रियांना होतो आणि सायक्लोफॉस्फामाइडने वंध्यत्व येऊ शकतं. शिवाय आपल्याकडे दबून बसलेला क्षय अशा औषधांनी डोकं वर काढू शकतो.

म्हणून असा पेपर हातात आला की आधी तीन गोष्टी शोधा: प्रतिसादाची व्याख्या काय, कोणाला निवडलं, आणि वेगवेगळे आजार एकाच टोपलीत टाकलेत का. सरासरी नंतर बघा.